देव माणूस झाला, मग आपण घरात काय करायचं?

पिंपरीहून एका ताईंनी विचारलं आहे: "सासूबाई पक्षाघाताने अंथरुणाला खिळून आहेत. नोकरी सांभाळून त्यांचं सगळं मीच बघते. दर नाताळात ऐकते की देव माणूस झाला, त्याच्यासारखी प्रीती करा. मंडळीतल्या, म्हणजे आमच्या चर्चमधल्या, भगिनी वस्तीत सेवेला जातात, मला ते जमत नाही. देवाची प्रीती दाखवायला वेळच उरत नाही. शेजारी हिंदू आहेत, त्यांना येशूविषयी काय सांगावं हेही कळत नाही. देहधारणाचा, म्हणजे देव माणूस झाला याचा, माझ्या रोजच्या दिवसाशी संबंध तरी काय?"

ताई, वेळ उरत नाही ही तुमची अडचण खरी आहे. त्यावरून तुम्ही जो निष्कर्ष काढला आहे तो मात्र मला मान्य नाही, आणि का मान्य नाही ते जरा सविस्तर सांगतो. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या खेड्यांच्या मंडळ्यांत आणि पुढे इस्पितळात, रुग्णांच्या खाटांजवळ, माझी पाळकीय सेवा झाली. तुमचा हा प्रश्न मला अनेक बायकांनी विचारला आहे. पुरुषाने विचारल्याचं क्वचितच आठवतं. त्याबद्दल पुढे बोलतो.

आधी नासरेथ, येशू लहानाचा मोठा झाला ते गाव. शुभवर्तमान, म्हणजे येशूचं चरित्र, लिहिणारा लूक सांगतो की येशूने आपल्या कार्याला आरंभ केला तेव्हा तो सुमारे ३० वर्षांचा होता. या ३० वर्षांविषयी शुभवर्तमानं जवळजवळ गप्प आहेत. जन्म, मंदिरातलं अर्पण, मिसर देशात पळून जावं लागणं, बाराव्या वर्षी यरुशलेमेच्या मंदिरात मागे राहिल्याचा तो प्रसंग, आणि संपलं. पुढे गावच्या सभास्थानात तो शिकवू लागला तेव्हा लोक चकित झाले, कारण त्यांच्या लेखी हा गावातला सुतार, मरीयेचा मुलगा होता. इतकी वर्षं शेजारी राहून त्यांना त्याच्यात वेगळं काही दिसलेलं नव्हतं. देव आपल्यात वस्तीला आला आणि त्यातला बहुतेक काळ त्याने घरात, आईजवळ, भावंडांत, लाकूडकामात घालवला.

आपण मात्र शेवटची जेमतेम तीन वर्षं तेवढी धरतो. चमत्कार, प्रवचनं, वधस्तंभ, पुनरुत्थान. त्याआधीचा काळ नुसती वाट पाहण्यात गेला असं आपल्या मनात कुठेतरी असतं. पण यार्देन नदीत बाप्तिस्मा घेऊन तो पाण्यातून वर आला तेव्हाची वाणी आठवा: हा माझा प्रिय पुत्र, याच्याविषयी मी संतुष्ट आहे. लूकच्या शुभवर्तमानात तोवर त्याचं एकही प्रवचन नाही, एकही आजारी बरा झालेला नाही. पित्याला संतोष झाला होता तो नासरेथमधल्या त्या ३० वर्षांच्या आयुष्यावर. स्वयंपाकघर आणि आजारपणाची खोली यांच्यामध्येच दिवस मावळतो अशा माणसांना मी हे वचन आवर्जून वाचून दाखवतो. मंडळीच्या सेवेच्या यादीत तुमचं नाव नाही म्हणून तुम्ही प्रीतीच्या कामाबाहेर आहात, हा समज या वचनापुढे टिकत नाही.

आता एक जुना वाद, कारण तुमच्या प्रश्नाचं मूळ तिथपर्यंत जातं. अगदी सुरुवातीच्या काळातच काही ख्रिस्ती लोकांना देवाला खरंखुरं शरीर असणं खटकू लागलं होतं. भूक, घाम, रक्त, वेदना हे देवाला शोभत नाही, तेव्हा येशूचं शरीर हा नुसता भास असला पाहिजे, असं ते म्हणत. योहानाच्या पहिल्या पत्रात त्यांना स्पष्ट विरोध आहे. दुसऱ्या शतकाच्या आरंभी अंत्युखियाचा बिशप इग्नेशियस यालाही त्यांच्याशीच झगडावं लागलं. त्याला शिपायांच्या पहाऱ्यात रोमला मृत्युदंडासाठी नेत होते आणि वाटेतून तो मंडळ्यांना पत्रं लिहीत होता. स्मुर्णाच्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या इझमिरच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात या लोकांचं वर्तन कसं असतं ते तो सांगतो. त्यांना प्रीतीची पर्वा नाही, विधवेची नाही, अनाथाची नाही, पीडिताची नाही, भुकेल्याची आणि तहानेल्याची नाही.

हे वाक्य माझ्या मते देहधारणावरच्या पुष्कळ जाड ग्रंथांहून मोलाचं आहे. देवाचं शरीर ज्याला नकोसं झालं, त्याला शेजाऱ्याचं दुखणारं शरीरही नकोसं होतं. इग्नेशियसने शिकवण आणि वागणूक यांच्यातला हा धागा मंडळीच्या पहिल्या शंभर वर्षांतच पकडला होता. पुढे ३२५ साली नायसिया इथे आणि ४५१ साली खल्केदोन इथे बिशपांच्या परिषदा भरल्या, एकेका शब्दावर खल झाला आणि येशू पूर्ण देव व पूर्ण मनुष्य आहे हे नेमक्या भाषेत मांडलं गेलं. मधल्या काळात नाझियान्झसच्या ग्रेगरी या बिशपने त्याचं कारण थोडक्यात सांगून ठेवलं: जे त्याने स्वतःवर घेतलं नाही, ते बरं झालं नाही. म्हणजे माणसाच्या आयुष्यातला कुठलाही कोपरा त्याने सोडलेला नाही.

त्यात परावलंबनही आलं. लूक सांगतो की मरीयेने त्याला बाळंत्याने गुंडाळून गव्हाणीत ठेवलं. विश्व ज्याच्या हातात आहे असं आपण गातो, त्याला स्वतःची कूस बदलता येत नव्हती. त्याला कुणीतरी भरवलं, पुसलं, कोरडं केलं. तुमच्या सासूबाईंना आज तुमच्या हातून जे करून घ्यावं लागतं, ते सगळं देवाने मरीयेच्या हातून करून घेतलं आहे. अंथरुणाला खिळलेल्या पुष्कळ म्हाताऱ्या मला म्हणतात, "पास्टर, आता मी कुणाच्या कामाची नाही, नुसती ओझं झाले." त्यांना मी गव्हाणीची ही गोष्ट सांगतो. दुसऱ्याच्या हातून करून घ्यावं लागल्याने माणसाचा मान कमी होत नाही. तसा तो झाला असता तर देव त्या वाटेने आलाच नसता.

म्हणून तुमच्या घरात देहधारण कुठे शोधायचं, तर त्या खाटेपाशी. इथे मी अगदी बारीक गोष्टी सांगणार आहे, कारण शरीराची प्रीती बारीक गोष्टींतच असते.

कूस बदलण्याआधी सांगा: "आई, आता डावीकडे वळवते." पक्षाघातात बोलणं गेलं असलं तरी समजणं बरेचदा शाबूत असतं. न सांगता शरीर उचललं की माणसाला आपण सामान झालो असं वाटतं. बिछान्यावर असलेल्याची कूस साधारण दर दोन तासांनी बदलायला सांगतात, म्हणजे माकडहाड, टाचा आणि नितंबांवर जखमा होत नाहीत. तुम्ही नोकरीवर असताना हे कुणी करतं का, ते बघा. भरवताना पाठीला उशा देऊन त्यांना उठतं बसवा, घास लहान ठेवा आणि गिळून होईपर्यंत थांबा, नाहीतर ठसका लागून अन्न श्वासनलिकेत जातं. अंग पुसताना एका वेळी एकच भाग उघडा आणि बाकीचं अंग झाकलेलं ठेवा. दार लावा. खोलीत कुणी पाहुणा आला आणि "जेवतात का? झोपतात का?" असं तुम्हाला विचारू लागला, तर प्रश्न सासूबाईंकडे वळवा. त्या डोळ्यांनी उत्तर देतील, नाहीतर देणार नाहीत, पण त्यांच्या डोक्यावरून त्यांच्याविषयी बोलणं बंद होईल. आणि दिवसातून एकदा तरी काम नसताना त्यांच्याजवळ बसा, पाच मिनिटं का होईना. हात हातात घ्या. मार्क लिहितो की शिमोनाची सासू तापाने पडली होती तेव्हा येशूने तिचा हात धरून तिला उठवलं. त्याच अध्यायात कुष्ठरोग्यालाही त्याने आधी स्पर्श केला आणि मग "शुद्ध हो" म्हटलं. नुसत्या शब्दाने तो बरा करू शकत होता. कफर्णहूमच्या शताधिपतीचा, म्हणजे सैन्यातल्या एका अधिकाऱ्याचा, चाकर त्याने लांबूनच बरा केला होता. तरी ज्याला वर्षानुवर्षं कुणी हात लावला नव्हता, त्याला त्याने हात लावला.

नव्याने भेटीला जाणाऱ्या तरुण पाळकांनाही मी हेच सांगतो. आत गेल्या गेल्या उभ्याने प्रार्थना आटोपू नका. आधी बसा. रुग्णाची नजर आणि तुमची नजर एका पातळीवर येऊ द्या. हात धरू का, असं विचारा. मग त्यांना हवी असेल तर प्रार्थना.

देहधारणाची दुसरी बाजू आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही, पण माझ्या मते आपल्या समाजात तीच जास्त अवघड आहे. येशू द्यायला आला हे सगळे सांगतात. तो मागायलाही आला. योहानाच्या चौथ्या अध्यायात तो प्रवासाने थकून भर दुपारी याकोबाच्या विहिरीवर बसला आहे. शमरोनी बाई पाणी भरायला येते आणि तिच्याशी त्याचं पहिलंच बोलणं आहे: मला प्यायला दे. ती थक्क होते. तुम्ही यहूदी असून माझ्याकडे, शमरोनी बाईकडे, पाणी कसं मागता? यहूदी आणि शमरोनी यांच्यात असला व्यवहार नव्हता.

मराठी माणसाला हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही. आमच्या भागातल्या मंडळ्यांत मोठ्या संख्येने महार आणि मांग समाजांतून आलेली कुटुंबं आहेत. त्यांच्या आज्या-पणज्यांना ओंजळीत वरून पाणी ओतलं जायचं, भांड्याला हात लावू दिला जायचा नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचं पाणी पिण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला, ही गोष्ट काही फार जुनी नाही. अशा समाजात "तुझ्या हातचं पाणी मला दे" हे वाक्य म्हणजे समोरच्याला आपल्या बरोबरीचं मानणं. वस्तीत सेवेला जाणाऱ्या आमच्या गटांना माझं एक कायमचं सांगणं असतं: शिधा वाटून परत फिरू नका. चहा विचारला तर बसा आणि प्या. पोळी-भाजी वाढली तर खा. घेणाऱ्याचा मोबाईलवर फोटो काढू नका. जो फक्त देतो तो उंचावर उभा राहतो, आणि येशू ज्या अर्थाने खाली उतरला त्या अर्थाने तो अजून उतरलेला नसतो. आमच्या मंडळ्यांतही लग्न जुळवताना पूर्वीची जात विचारली जाते. तिथे देहधारणाचं प्रवचन अजून घरात पोचायचं आहे.

याच विहिरीच्या गोष्टीने पंडिता रमाबाईंच्या आयुष्याला वळण दिलं. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज इथल्या ख्रिस्ती भगिनींकडे राहिल्या. या भगिनींनी त्यांना लंडनच्या फुलहॅम भागात चाललेलं आपलं काम दाखवलं. समाजाने 'पतित' म्हणून टाकलेल्या बायकांना तिथे आसरा होता आणि त्यांना मायेने वागवलं जात होतं. अशा बायकांची कुणी दया करतं हे रमाबाईंनी कधी पाहिलंच नव्हतं. हे तुम्ही कशासाठी करता, असं त्यांनी विचारलं तेव्हा एका भगिनीने त्यांना येशू आणि शमरोनी स्त्री यांची भेट वाचून दाखवली. रमाबाईंनी हे स्वतः नंतर लिहून ठेवलं आहे. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

यातला क्रम बघा. संस्कृत पंडितांना थक्क करणारी ही बाई. तिच्याशी वाद घालून कुणी तिला जिंकलं नाही. आधी तिला माणसं काय करतात ते दिसलं, मग तिने कारण विचारलं आणि त्यानंतर गोष्ट सांगितली गेली. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने खंगलेल्या मुली आणि विधवा यांना घेऊन आल्या. पुणे जिल्ह्यातल्या केडगावला त्यातून मुक्ती मिशन उभं राहिलं. फुलहॅमला पाहिलं तसं टाकलेल्या स्त्रियांसाठी तिथे कृपासदनही झालं. दुष्काळातून आणलेल्या त्या मुलींना आधी लागत होतं ते अंघोळ, औषध, अन्न आणि झोप. रमाबाईंनी ते आधी दिलं.

आता तुमच्यासाठी सगळ्यात निकडीची गोष्ट. खरं शरीर म्हणजे मर्यादा असलेलं शरीर, आणि येशूने त्या मर्यादा पाळल्या. वादळात होडी पाण्याने भरत होती तेव्हा तो उशीवर डोकं ठेवून झोपला होता. कफर्णहूमला सगळं गाव दाराशी लोटलं, दुसऱ्या दिवशी पहाटे तो उठून एकांतात गेला. शिष्य शोधत आले, "सगळे तुम्हाला शोधत आहेत" म्हणाले, आणि तो म्हणाला, आपण दुसऱ्या गावांना जाऊ. म्हणजे कफर्णहूममधले काही आजारी त्या दिवशी तसेच राहिले असणार. बेथेसदा तळ्याच्या पडव्यांत आजाऱ्यांचा मोठा समुदाय पडलेला होता आणि योहान त्यातला एकच बरा झाल्याचं सांगतो. एका वेळी एका ठिकाणी असणं त्याने पत्करलं होतं. तुम्ही सासूबाईंच्या खाटेजवळ आहात म्हणून वस्तीत नाही, यात अपराधी वाटण्यासारखं काही नाही. रात्री झोप हवी वाटणं, कधी चीड येणं, आठवड्यातून एक संध्याकाळ घराबाहेर जावंसं वाटणं, हेही पाप नाही.

आणि आता पुरुषांविषयी. वधस्तंभावर असताना, श्वास घेणंही कठीण असताना, येशूने आपल्या आईची सोय लावली. आपल्या प्रिय शिष्याला तो म्हणाला, "ही तुझी आई." योहान लिहितो की त्या घटकेपासून त्या शिष्याने तिला आपल्या घरी घेतलं. आईला सांभाळण्याची जबाबदारी त्याने एका पुरुषावर टाकली आणि त्या पुरुषाने ती घेतली. तुमच्या पत्रात तुमच्या यजमानांचा उल्लेख नाही. खाट त्यांच्या आईची आहे. सकाळची एक पाळी किंवा रात्रीची कूस बदलण्याची पाळी त्यांची असायला हवी. "तिला सुनेच्या हातचंच बरं वाटतं" हे कारण मी फार वेळा ऐकलं आहे आणि बहुतेक वेळा ते खरं नसतं. मुलाच्या हातून पाणी प्यायल्यावर ज्यांचे डोळे भरून आले अशा आया मी पाहिल्या आहेत. यजमानांशी बोलणं अवघड जात असेल तर तुमच्या पाळकांना घरी बोलवा आणि त्यांच्यासमोर बोला. ते त्यांचंच काम आहे.

मंडळीकडेही मागा. वस्तीत जाणाऱ्या भगिनींपैकी दोघीजणी शनिवारी दुपारी सासूबाईंजवळ बसू शकतात आणि तेवढ्यात तुम्ही झोपू शकता. हे मागताना लाजू नका. विहिरीवर ज्याने पाणी मागितलं त्याच्याच मंडळीत आपण आहोत.

इथे एक सावधगिरीचं बोलणं. हे उत्तर वाचणाऱ्या एखाद्या बाईच्या घरात मारहाण असेल, तर "ख्रिस्ताने सोसलं, तूही सोस" असं तिला कुणी सांगू नये. नासरेथच्या लोकांनी येशूला कड्यावरून लोटायला नेलं तेव्हा तो त्यांच्यामधून निघून गेला. महायाजकापुढे चापट बसली तेव्हा त्याने विचारलं, मला का मारतोस? त्याने जीव दिला तो आपणहून, त्याची वेळ आल्यावर. कुणाच्या मुठीखाली राहणं याला त्याने प्रीती म्हटलेलं नाही. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्ध २००५ चा कायदा आहे, १८१ हा महिलांसाठीचा मदत क्रमांक आहे, आणि त्यांचा आधार घेण्यात विश्वासाची हानी होत नाही.

राहिले शेजारी. त्यांना काय सांगायचं हा प्रश्न तुम्ही थोडा बाजूला ठेवा. त्यांच्याशी शेजारधर्म पाळा. त्यांच्या दिवाळीचा फराळ घ्या, नाताळाच्या करंज्या द्या. अडचणीला त्यांना हाक मारा. ऑफिसातून यायला उशीर होणार असेल तर "काकू, तासभर आईंकडे बघाल का?" असं विचारा. त्यांनी आणून दिलेली भाजी घ्या आणि डबा परत करताना त्यांच्याकडे दोन मिनिटं बसा. त्यांच्या घरात कुणी आजारी पडलं तर जा. आणि हे करताना मनात कुठला हिशेब ठेवू नका. दहा कुष्ठरोगी बरे झाले आणि आभार मानायला एकच परत आला. बाकीच्या नऊ जणांचं बरं होणं येशूने काढून घेतलं नाही. मदतीच्या आडून धर्माची अट घालणं हा मदतीचा आणि धर्माचा, दोघांचाही अपमान आहे. आपल्याकडे ख्रिस्ती सेवेबद्दल जो संशय घेतला जातो, त्याला खोटं ठरवण्याचा दुसरा मार्ग मला ठाऊक नाही.

तरीही एखाद्या दिवशी काकू विचारतील. "इतकं सगळं तू कशी गं करतेस? माझ्याच्याने झालं नसतं." त्या वेळी मात्र गप्प बसू नका. पेत्राच्या पत्रात म्हटलं आहे की आशेचं कारण कुणी विचारलं तर सौम्यतेने आणि आदराने उत्तर द्यायला तयार असावं. लांब भाषण नको, पत्रक नको. "माझ्याच्यानेही रोज होत नाही, काकू. पण माझा देव आमच्यासारखा माणूस होऊन राहिला, त्यालाही कुणीतरी असंच सांभाळलं होतं. ते आठवलं की मला बळ येतं." असं तुमच्या शब्दांत सांगा. त्यांनी पुढे विचारलं तर पुढे सांगा, नाही विचारलं तर चहा ठेवा.

सासूबाईंच्या टाचांकडे आणि माकडहाडाकडे रोज एकदा नीट बघत जा. कातडी लाल दिसली आणि दाबल्यावरही लालीच राहिली, तर वाट न बघता डॉक्टरांना दाखवा.